जाई-जुई ते कारली-दोडका: वेलींवरची बारीक कीड ओळखायची कशी, आवरायची कशी

पानाखाली

'वेलीची पानं वळलीत, काय फवारू?' हा प्रश्न बागकामाच्या प्रत्येक धाग्यावर येतो आणि खाली दहा औषधांची नावं पडतात. पानं वळायला मावा, फुलकिडे, तुडतुडे, कोळी यांपैकी कोणीही कारण असू शकतं. माव्याचं औषध कोळ्यावर चालत नाही, उलट काही औषधांनी कोळी वाढतो. म्हणून हा धागा ओळखीपासून सुरू करते.

साहित्य फार नाही: दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग, एक पांढरा कोरा कागद, जुना टूथब्रश. सकाळी ऊन चढायच्या आत बघा, त्या वेळी किडी सुस्त असतात. आधी कोवळा शेंडा बघायचा, मग तिसऱ्या-चौथ्या पानाची खालची बाजू, मग पेराचा सांधा, म्हणजे जिथून पान आणि ताणा फुटतो ती खाच. शेवटी वेल जिथे मांडवाला किंवा जाळीला घट्ट टेकते ती जागा. पिठ्या ढेकूण हटकून तिथेच दडलेला असतो आणि फवारा तिथे पोचत नाही.

पांढरा कागद शेंड्याखाली धरून फांदीला दोन टिचक्या मारा आणि पंधरा सेकंद थांबा. कागदावर पडलेलं जे चालायला लागेल त्याच्याकडे भिंगातून बघा.

मावा: नासपतीच्या आकाराचा, मऊ, हिरवा, पिवळा किंवा काळा. पाठीमागे दोन बारीक नळकांडी दिसली की शंका उरत नाही. वाल, चवळी, पावट्याच्या शेंड्यावर आणि कोवळ्या शेंगेवर काळा चकचकीत मावा येतो, काकडी-दुधीवर पिवळसर हिरवा. होया आणि हरणदोडीवर पिवळाधमक, काळ्या पायांचा. आजूबाजूला पांढरी सालपटं पडलेली असतात, ती माव्याची कात. बुरशी समजून त्यावर बुरशीनाशक मारू नका.

फुलकिडे: मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे, बारीक काडीसारखे, पिवळे ते काळपट. पानावर चंदेरी ओरखडे आणि त्यात काळे ठिपके दिसले (ती त्यांची विष्ठा), कडा वर वळल्या, की हेच. मोगरा-जुईच्या पाकळ्या उमलण्याआधीच कडेने तपकिरी होतात.

तुडतुडे: पाचरीच्या आकाराचे, फिकट हिरवे, हात लावला की तिरपे पळतात. पान कडेकडून पिवळं पडत वाटीसारखं होतं.

पांढरी माशी: वेल हलवली की पिठाचा ढग उडतो. पण नुकसान करणारी पिल्लं उडत नाहीत. ती पानाखाली चपट्या पारदर्शक खवल्यांसारखी चिकटलेली असतात. उडणाऱ्या माश्यांवर फवारून समाधान मानलं की आठवड्यात पुन्हा ढग.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड: पिठ्याचा कापूस सर्वांना माहीत आहे. खवले कीड मात्र सालीचाच भाग वाटते. नखाने खरवडा. सहज सुटलं आणि खाली ओलसर डाग राहिला तर ती कीड.

कोळी: हा कीटकच नाही, त्याला आठ पाय. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, पान धुळकट आणि पुढे शेंड्यात बारीक जाळं. कागदावर पडलेला कण बोटाने फरफटला तर लालसर किंवा हिरवट रेघ उमटते.

पानं तेलकट चिकट लागणं (चिकटा) आणि त्यावर काजळी धरणं हे मावा, पांढरी माशी, पिठ्या आणि मऊ खवले कीड यांचं लक्षण. कोळी आणि फुलकिडे चिकटा सोडत नाहीत. वरून काजळी दिसत असेल तर त्या पानाच्या वर जे पान आहे त्याची खालची बाजू बघा, कारण चिकटा वरून ठिबकतो.

गच्चीवरची_जुई

धागा फार उपयोगी. दोन प्रश्न. जुईच्या कोवळ्या पानांवर आणि देठांवर पांढरी लव आली आहे, मखमलीसारखी. पुसली तरी जात नाही. पानं जाड आणि वेडीवाकडी. आणि त्याच गच्चीतल्या मोगऱ्याच्या कळ्या गुलाबी-जांभळ्या होऊन न उमलता गळतात. दोन्हींवर बुरशीनाशक दोनदा मारलंय, फरक शून्य.

भिंगधारी

लव म्हणजे बुरशी नाही. भुरी असती तर बोटाला पीठ लागलं असतं. ही पानाने स्वतः उगवलेली लव आहे. जाई-जुईवर डोळ्यांना न दिसणारा, गाजराच्या आकाराचा, चारच पायांचा अतिसूक्ष्म कोळी येतो. तो रस शोषतो तिथल्या पेशी असे केस काढतात आणि तो त्या केसांत सुरक्षित राहतो. दहापट भिंगात लव दिसेल, कोळी दिसणार नाही. त्यासाठी निदान वीस-तीसपट लागेल.

उपाय या क्रमाने. आधी लव आलेले सगळे शेंडे, दोन पेरं खालपर्यंत, कात्रीने कापून पिशवीत बंद करा. कंपोस्टमध्ये टाकू नका. कात्री प्रत्येक झाडानंतर पुसून घ्या. मग पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात कालवून मग बाकीचं पाणी घाला, नाहीतर गुठळ्या नोझलमध्ये अडकतात. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पारा ३२ अंशांच्या वर असेल त्या दिवशी गंधक मारायचं नाही, पानं जळतात. आणि गेल्या पंधरा दिवसांत तेलाची कुठलीही फवारणी झाली असेल तर थांबा. तेल आणि गंधक एकत्र आले की करपलंच.

हे गंधक जुईसाठी. शेजारी काकडी, कारली, भोपळ्याचा वेल असेल तर त्यावर एक थेंब उडू देऊ नका. वेलवर्गीय भाज्यांना गंधक सोसत नाही.

आता कळ्या. जांभळी कळी दोन वेगळ्या किडींमुळे होते आणि बाहेरून सारखीच दिसते. गळालेल्या चार-पाच कळ्या पांढऱ्या ताटलीत घ्या, सुईने उभ्या चिरा आणि भिंगातून बघा.

कळीवर गोल भोक असेल, आत काळसर डोक्याची हिरवट अळी आणि तिची विष्ठा, शेजारच्या दोन-तीन कळ्या धाग्याने जोडलेल्या, तर ती कळी पोखरणारी अळी. एक अळी एका कळीवर थांबत नाही, गुच्छातल्या बऱ्याच कळ्या संपवते.

भोक नसेल, कळी बुडाशी फुगीर असेल आणि आत बिनपायाच्या, बिनडोक्यासारख्या वाटणाऱ्या पांढरट-पिवळ्या बारीक अळ्या एकापेक्षा जास्त असतील, तर ती कळीमाशी. डासासारखी इवली माशी असते, कळीच्या टोकाशी अंडी घालते. पूर्ण वाढलेली अळी उडी मारून मातीत जाते.

कुठली सापडली ते लिहा, मग पुढचं सांगतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

नागपुरी_ऊन

कोळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण विदर्भात फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत हाच मुख्य शत्रू. उष्ण कोरड्या हवेत अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला जेमतेम आठवडा लागतो. म्हणून 'एकदा फवारलं, गेला नाही' ही तक्रार येते. साबणपाणी अंड्यांवर फारसं चालत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी नवी पिल्लं असतात. ती मोठी होऊन अंडी घालायच्या आत दुसरी फवारणी पडली पाहिजे. दर पाच दिवसांनी, तीन वेळा, हा किमान हिशेब.

गोकर्ण, वाल, घेवडा, काकडी यांवर पहिला उपाय साधं पाणी. नळीच्या तोंडावर बोट धरून जोरदार धार पानाच्या खालच्या बाजूला, खालून वर, सकाळी. एक दिवसाआड तीनदा. जाळं आणि त्यातली अंडी त्यानेच धुऊन जातात. दाट झालेला वेल आधी विरळ करा. आतली पिवळी पानं काढली नाहीत तर धार पोचतच नाही.

मोठी चूक होते ती इमिडाक्लोप्रिडची. दुकानात 'रसशोषक किडींसाठी' म्हणून तेच हातात देतात. ते कोळ्यावर काम करत नाही आणि कोळ्याला खाणारे कीटक मात्र कमी होतात. महिन्याभरात कोळी दुप्पट दिसतो. त्यातून ते वेलीत मुरतं, फुलातल्या परागापर्यंत जातं आणि मधमाश्यांना बाधतं. खायच्या वेलीवर आणि फुलांच्या वेलीवर घरगुती बागेत त्याची गरज नाही.

तांबडी_माती

कडुनिंबाच्या तेलाने कारल्याची पानं कडेने जळाली, असं बरेच जण लिहितात. लिटरला १० मि.लि. तेल, वर भांड्यांचं लिक्विड अंदाजाने, दुपारी चार वाजता. चूक कुठे होते?

पानाखाली

तिन्ही ठिकाणी.

प्रमाण: घाणीवरचं कच्चं कडुनिंब तेल लिटरला ५ मि.लि., कोवळ्या वेलीला ३ मि.लि. पुरे. मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण वापरा, त्यावर खुणा असतात. साबणाचं द्रावण १ ते २ मि.लि., त्याहून जास्त नको. भांड्यांच्या लिक्विडपेक्षा साधा खादीचा साबण किसून गरम पाण्यात विरघळवलेला बरा. कपड्यांची पावडर अजिबात नको, त्यातला सोडा पानावरचं मेण काढून टाकतो.

मिसळण्याचा क्रम: रिकाम्या भांड्यात आधी तेल आणि साबण. चमच्याने घोटा, पांढरट दाट मिश्रण झालं पाहिजे. मग पेलाभर कोमट पाणी थोडं थोडं घालत ढवळा आणि शेवटी उरलेलं पाणी. दूध-पाण्यासारखं एकसारखं दिसलं तरच पंपात भरा. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर मिश्रण फुटलंय. असं फवारलं की काही पानांवर नुसतं पाणी पडतं आणि काहींवर निव्वळ तेल. पानं जळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. थंडीत तेल गोठतं, त्या वेळी बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्यात जोर राहत नाही.

वेळ: ऊन पूर्ण उतरल्यावर. कुंडीला सकाळी पाणी घातलेलं असावं. तहानलेल्या वेलीवर तेल पडलं की करपतं.

आणि नेहमी आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस वाट बघा. कारलं आणि काकडी नाजूक, तोंडली दणकट.

आणखी एक, पाण्याबद्दल. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाची साय होते, फेस येत नाही, आणि साबण फुकट जातो. बाटलीत अर्धा पेला पाणी आणि साबणाचे चार थेंब घालून हलवा. फेस न टिकता वर पांढरे कण आले तर पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. साबणपाणी किडीच्या अंगाला ओलं लागतं तेवढाच वेळ मारतं. वाळल्यावर त्याचा उपयोग संपला. म्हणून पानाखाली थेंब ओघळेपर्यंत भिजवावं लागतं. पाच फुटी वेलीला पाव लिटर सहज लागतं. शंभर मि.लि.मध्ये आटोपलं असेल तर खालची बाजू कोरडीच राहिली आहे.

बाजारातलं तयार अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातलं कीडनाशक द्रव्य) घेणार असाल तर बाटलीवरचा पीपीएमचा आकडा वाचा. १५०० पीपीएमचं ३ ते ५ मि.लि. आणि १०,००० पीपीएमचं १ ते २ मि.लि. लिटरला, आणि लेबलवर वेगळं असेल तर लेबल खरं. त्यात मिसळक आधीच असतो, वरून साबण नको.

मांडवाखाली

वर 'संध्याकाळी फवारा' हा सरसकट सल्ला आहे, त्यात एक दुरुस्ती. कारली, काकडी, घोसाळी, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, त्यांना संध्याकाळ ठीक. दोडका आणि दुधी यांची फुलं संध्याकाळी उमलतात आणि परागीभवन त्यानंतर, रात्रीच्या पतंगांकडून होतं. त्या वेळी तेल-साबण फवारलं की फळं धरत नाहीत आणि लोक खताला दोष देतात. दोडका-दुधीवर पहाटे, उन्हं अंगावर यायच्या आत फवारा. कुठलीही वेळ असो, उमललेल्या फुलांवर फवारा नको, फक्त पानं.

पानाखाली

बरोबर आहे, हे राहून गेलं होतं. धन्यवाद.

मांडवाखाली

भाजीच्या वेलींवरच्या दोन किडी बारीक म्हणता येणार नाहीत, पण वाचणाऱ्यांपैकी निम्मे त्यासाठीच येतील.

तांबडे भुंगेरे. नारिंगी-लाल, चकचकीत, साधारण पाऊण सेंटिमीटर. बी उगवून दोन दळं बाहेर आली की येतात आणि गोल गोल भोकं पाडतात. चार-पाच खरी पानं फुटेपर्यंत रोप वाचवलं की पुढे वेल स्वतः निभावून नेते. त्यासाठी उगवणीच्या दिवसापासून मच्छरदाणीचा तुकडा तारेच्या कमानीवर टाकून कडा मातीत दाबा. राख टाकणार असाल तर चाळलेली, दव असताना, पातळ थर. पाऊस पडला की पुन्हा टाकावी लागते. पहाटे भुंगेरे सुस्त असतात, साबणपाण्याच्या भांड्यात झटकले की झालं. त्यांची अंडी वेलीच्या बुडाशी ओल्या मातीत असतात आणि अळ्या मुळं खातात, म्हणून हंगाम संपल्यावर ती माती उकरून उन्हात तापवा.

फळमाशी. कारलं लहानपणीच पिवळं पडून वाकडं होतं, डागातून चिकट थेंब येतो, चिरलं की आत अळ्या. अळ्या आत असल्यामुळे बाहेरून काहीही फवारून उपयोग नाही. फूल गळून फळ दोन-तीन दिवसांचं झालं की त्यावर कागदी किंवा बारीक जाळीची पिशवी चढवा, तोंड देठाशी सैल पण बंद. पिशवीला खाली दोन टाचणीची भोकं, नाहीतर आत घाम येऊन फळ सडतं. गळालेली फळं तिथेच पडू देऊ नका. जाड प्लास्टिक पिशवीत बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, मग टाका. अळी फळातून निघून मातीत कोष करते, त्यामुळे वेलीखालची वरची दोन इंच माती आठवड्याला हलवा.

सापळ्याची गोळी घेताना नाव नीट बघा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्याच्या फळमाशीसाठी घरोघरी पोचलाय, त्यात मिथाइल युजेनॉल असतं. कारली-काकडीच्या माशीला त्याचं आकर्षण नाही, तिला क्यू ल्यूर लागतं. आंब्याची गोळी कारल्याच्या मांडवात टांगून 'सापळा चालत नाही' म्हणण्यात अर्थ नाही. सापळ्यात फक्त नर येतात हेही लक्षात ठेवा. दोन कुंड्यांच्या गच्चीत त्याचा उपयोग मुख्यतः माशी आली आहे हे कळायला. फळ वाचवते ती पिशवी.

कोकणवेल

मुंग्यांचा विषय कोणीच काढला नाही अजून. वेलीवर मुंग्यांची रांग दिसली की वर कुठेतरी मावा, पिठ्या किंवा खवले कीड आहे. मुंग्या चिकट्यासाठी त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांना (या किडी खाणारे छोटे गोल भुंगेरे) हुसकावतात. मुंग्या थांबवल्याशिवाय पिठ्या जात नाही.

मातीत पावडर ओतण्यापेक्षा वाट बंद करा. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत (ताटली दोन दिवसांनी ओतायची, डास होतात). खोडाला आधी कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि त्यावर दोन बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा. थेट सालीवर व्हॅसलीन नको. मग बघा की वेलीचा एखादा ताणा भिंतीला, दोरीला, शेजारच्या झाडाला टेकलेला नाही ना. मुंग्या तोच पूल धरतात आणि खालची सगळी मेहनत वाया जाते.

भिंगधारी

याला जोडून, पिठ्या समजून मित्रकीटक मारले जातात त्याबद्दल.

क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा पिठ्याचा कर्दनकाळ. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणलेला. त्याची अळी हुबेहूब पिठ्यासारखी पांढऱ्या कापसाने मढलेली असते आणि लोक तिलाच आधी चिरडतात. फरक असा: अळी पिठ्याच्या दुपटीहून मोठी, मेणाचे दोरे लांब आणि विस्कटलेले, आणि काडीने डिवचलं की ती चटचट चालायला लागते. पिठ्या जागचा फारसा हलत नाही. पिठ्याच्या गर्दीत असा एखादा धावरा दिसला तर फवारणी थांबवा.

माव्याच्या घोळक्यात तपकिरी, टम्म फुगलेले, कागदासारखे कडक मावे दिसतात. त्यांच्या आत गांधीलमाशीच्या जातीची इवली माशी वाढतेय. चार-दोन दिवसांत गोल झाकण उघडून ती बाहेर पडेल. तो शेंडा कापू नका. पानावर केसासारख्या दांडीच्या टोकाला पांढरं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाचं, तेही राहू द्या.

उलट बाजूही सांगतो. प्रत्येक ठिपकेवाला ढालकिडा मित्र नसतो. कारली, दोडक्यावर फिकट तांबूस, अंगावर बारीक लव असल्यामुळे चमक नसलेला, पुष्कळ ठिपक्यांचा भुंगेरा असतो, तो पानं खरवडून जाळी करतो. पिवळ्या, काटेरी अळ्या पानाखाली असतात. माव्याला खाणारा ढालकिडा चकचकीत असतो आणि त्याची अळी करडी-काळी, सुसरीसारखी लांबट.

तांबडी_माती

तंबाखूचं पाणी? बऱ्याच ठिकाणी शिफारस दिसते.

नागपुरी_ऊन

टाळा. निकोटीन हे माणसालाही विषच आहे, त्वचेतून शोषलं जातं, आणि मित्रकीटकांनाही सोडत नाही. शिवाय तंबाखूतून मोझॅकचा विषाणू मिरची-टोमॅटोला लागू शकतो, गच्चीवर ही रोपं वेलींच्या शेजारीच असतात. 'घरगुती' आहे म्हणून हातमोजे न घालता ढवळलं जातं, तिथे धोका आहे.

त्याऐवजी निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळीचा गर भरड कुटून ५० ग्रॅम, लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळून, चिमूटभर साबणाचा कीस. शेतीत ज्याला ५ टक्के अर्क म्हणतात तो हाच. निंबोळ्या जून-जुलैत पडतात. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवल्या तर वर्षभर पुरतात. बुरशी लागलेल्या निंबोळ्या घेऊ नका.

कोकणवेल

पावसाळ्यात आमच्याकडे तेल टिकत नाही, तासात धुऊन जातं. त्या दिवसांत पिठ्या, पांढरी माशी आणि मावा यांच्यावर व्हर्टिसिलियम नावाने मिळणारी मित्रबुरशी चांगली चालते. लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, पाऊस उघडलेला असताना. तिला दमट हवा लागते, मे महिन्यात मारून उपयोग नाही. आठवडाभर मागे-पुढे कुठलंही बुरशीनाशक नको, ते हिलाही मारतं. पुडीवरची तारीख बघा. ती जिवंत वस्तू आहे, दुकानाच्या उन्हातल्या कपाटात ठेवलेली घेऊ नका.

पानवेलीबद्दल वेगळं. पान थेट तोंडात जातं, तेव्हा विडा लावायच्या वेलीवर कडुनिंबाचं तेलसुद्धा नको, वास आठवडाभर जात नाही. खवले कीड आणि पिठ्या टूथब्रशने साबणपाण्यात घासून काढा आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवा. खवल्यांची पिल्लं कधी फिरतायत हे कळायला खोडाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप एक वेढा लावा. टेपवर पिवळसर ठिपके अडकलेले दिसले तो आठवडा साबणपाण्याचा. कवच धरलेल्या जुन्या किडीवर ते लागू होत नाही.

मनीप्लांट, होया अशा न खायच्या वेलींवर पिठ्या थोडा असेल तर कानकाडीवर ७० टक्के सर्जिकल स्पिरिट घेऊन एकेक टिपा. सावलीत करा. सगळ्या पानावर स्पिरिट फवारू नका. वरचं साफ करूनही महिन्याने पुन्हा येत असेल तर रोप कुंडीतून उपसून मुळं बघा. मुळांवरही पिठ्या असतो.

मांडवाखाली

पिवळे चिकट सापळे पांढरी माशी आणि पंखवाल्या माव्याला, निळे फुलकिड्यांना. घरी करायचा तर पिवळ्या प्लास्टिकच्या तुकड्याला एरंडेल तेल चोपडा. शेंड्याच्या उंचीवर लावा, वेल वाढली की सापळाही वर सरकवा. बाल्कनीला एक पुरतो. त्यात ढालकिडे अडकायला लागले तर काढून ठेवा.

वाल-चवळीची पानं हिरवी-पिवळी चट्टेरी झाली तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही. तो वेल पिशवीत गुंडाळून मग उपटा. उघडा उपटला तर माश्या उडून शेजारच्या वेलीवर बसतात.

गच्चीवरची_जुई

जुईचे शेंडे कापले, गंधक मारलं. मोगऱ्याच्या सहा कळ्या चिरून बघितल्या. भोक एकालाही नाही. बुडाशी पिवळसर पांढऱ्या अळ्या, एकीत चार, एकीत सात. ताटलीत त्यातली एक वाकून टपकन उडाली.

भिंगधारी

उडाली म्हणजे कळीमाशी नक्की. पूर्ण वाढलेलीच उडते, कारण तिला मातीत जायचं असतं.

हिच्यावर फवारणी जवळजवळ निरुपयोगी, अळी बंद कळीच्या आत आहे. (अळी भोक पाडणारी निघाली असती तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर लिटरला १ ते २ ग्रॅम, कळ्या हिरव्या आणि बारीक असतानाच, संध्याकाळी, असं सांगितलं असतं.) कळीमाशीचा फेरा तीन-चार आठवड्यांचा, त्यातले पाच-सात दिवस कळीत आणि बाकीचे बहुतेक मातीत. तेव्हा पकडायचं या दोन जागी.

रोज सकाळी रंग बदललेली प्रत्येक कळी खुडून लगेच झिपच्या पिशवीत. ताटलीत उघड्या ठेवू नका, उडतात हे तुम्ही बघितलंच. खाली पडलेल्याही वेचा. पिशवी दिवसभर उन्हात ठेवली की आतलं सगळं मरतं. मातीची वरची दीड-दोन इंच काढून उन्हात पसरा, नवी घाला आणि कुंडीच्या तोंडावर प्लास्टिकचा गोल कापून खोडाभोवती घट्ट बसवा. एका बाजूने चीर द्यावी लागेल, तिथे कडा एकावर एक घेऊन टेप लावा. पाणी कुंडीखालच्या ताटलीतून द्या. चार आठवडे तसंच. वरून पडणारी अळी मातीपर्यंत पोचत नाही आणि आधी मातीत गेलेल्यांच्या माश्या बाहेर येऊ शकत नाहीत.

जमत असेल तर आता आलेला सगळा बहर, चांगल्या दिसणाऱ्या कळ्यांसकट, एकदाच खुडून टाका आणि हलकी छाटणी करा. शेजारी डबल मोगरा किंवा ऑर्किड असेल तर त्यांच्याही कळ्या चिरून बघा, ही माशी तिथेही जाते.